चेंडू लागला, अशी नोंद

सोमवार, ४ मार्च
संध्याकाळी साडेपाच, हॉस्पिटलचा व्हरांडा

चि. थोरल्यास,

आईचे आशीर्वाद. बारा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फोडशील की तसंच बाजूला टाकशील, सांगता येत नाही. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच. पत्ता तुझ्या वर्गातल्या त्या उंच मित्राच्या आईकडून मिळवला. फोन नंबर तिच्याकडेही नाही, म्हणून कागद.

धाकटा हॉस्पिटलात आहे. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, नर्सबाईंची नक्कल करतो आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं धीराने वाचशील.

तू गेलास तेव्हा तो दहाचा होता, आता बावीसचा आहे. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवतो. पाण्याखाली इतका वेळ राहतो की काठावरच्या माणसाचा जीव कासावीस व्हावा. गेल्या महिन्यात घसा धरला, ताप आला, चार दिवस राहिला आणि गेला. मी म्हटलं सुटलो. ताप उतरून बारा दिवस झाले आणि शुक्रवारी सकाळी बूट घालता घालता खाली बसला. म्हणे, "आई, छातीवर कुणीतरी पोतं ठेवलंय." मी गरम पाणी दिलं. गॅस असेल म्हटलं. मी अर्धा तास वाया घालवला, हे तुला सांगते, बाकी कुणाला नाही.

इथे आल्यावर छातीला तारा लावून कागद काढला, तो वाकडा आला. रक्तात दिसलं की हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे. ताबडतोब मांडीतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तर त्या स्वच्छ. कुठे अडकलेलं काही नाही. मग इजा कशाने?

हृदयाची डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची असेल. फार भराभर बोलते, पण ऐकूनही घेते. तिने विचारलं, "मागच्या महिन्यात ताप कधीपासून कधीपर्यंत?" मी पिशवीतून दुखण्यांची वही काढली. तुला ठाऊक आहे, किराण्याची वही वेगळी, दुखण्यांची वेगळी. तारीख, वेळ, किती ताप, काय दिलं, सगळं लिहिलेलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "काकू, माझे शिकाऊ डॉक्टर इतकं नीट लिहीत नाहीत." तुझे बाबा शेजारी होते, म्हणाले, "तिला लिहायला काय, आम्ही शिंकलो तरी चढवते."

डॉक्टरीणबाईचा संशय असा, की तापाच्या विषाणूनंतर हृदयाच्या स्नायूलाच सूज आली आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे. तिने फळ्यासारखा कागद घेऊन हृदय काढून दाखवलं. म्हणाली, एमआरआय केला की स्नायूच्या आत कुठे सूज आहे, कुठे वण धरतोय, ते दिसेल. सूज असेल तर एक रस्ता, दुसरं काही असेल तर दुसरा. आणि एमआरआय जमला नाही तर नळीने हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासायला लागेल, त्यात धोका आहे. तिला ते करायचं नाही. मलाही करू द्यायचं नाही.

बुधवारी सकाळी दहाला नंबर लागला आहे.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. तुला नुसतं कळवायचं म्हणून लिहिलं. विचारायचंही होतं एक, पण आज नको.

आई


मंगळवार, ५ मार्च
सकाळी सात

चि. थोरल्या,

कालचं पत्र पेटीत पडलं आणि मी खोटं लिहिलं हे मला तिथल्या तिथे कळलं. नुसतं कळवण्यासाठी लिहिलं नव्हतं.

काल चार वाजता एमआरआयचा मशीनवाला फॉर्म घेऊन वॉर्डात आला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. धाकट्याने लगेच नाव ठेवलं, चुंबकमास्तर. त्याने समजावून सांगितलं, "हे नुसतं फोटो काढायचं यंत्र नाही, हा मोठा लोहचुंबक आहे. चोवीस तास चालू. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन गेलात तर हात किल्ल्यांच्या मागे जाईल. शरीरात कुठे लोखंड असेल तर तेही हलतं. म्हणून प्रत्येक ओळ वाचून लिहा, आणि खरं लिहा."

धाकटा पडून होता, म्हणून मी भरायला घेतला. छातीत यंत्र बसवलंय? नाही. कानात? नाही. ऑपरेशन? नाही. अकरावा प्रश्न होता, डोळ्याला कधी इजा झाली आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे का.

माझी सवय तुला ठाऊक आहे. डोक्यावर विश्वास नाही, वहीवर आहे. मी मागची पानं उलटली. तो चार वर्षांचा होता तेव्हाचं पान. त्यावर माझ्याच अक्षरात आहे: "धाकट्याच्या डाव्या डोळ्याला चेंडू लागला. थोरल्याने मारला. थेंब सात दिवस."

आणि मी ते जसंच्या तसं फॉर्मवर उतरवलं. चेंडू लागला. धातू: नाही. खाली सही केली.

थोरल्या, चेंडू नव्हता हे जगात तीन माणसांना ठाऊक आहे. त्यातला एक तू. पण कागदावर पुन्हा एकदा लिहिते, कारण पहिल्यांदा लिहिलं ते खोटं होतं.

तू चौदाचा होतास. बाबांचा डबा घेऊन वर्कशॉपला गेलास, धाकटा हट्टाने मागे लागला. मालकाचा नियम होता, मूल आत आणायचं नाही आणि घासायच्या चाकावरची जाळी काढायची नाही. बाबा फोरमन, म्हणजे नियम त्यांनीच पाळून घ्यायचा. त्या दिवशी घाई होती म्हणून त्यांनी जाळी काढली होती. धाकटा आत धावला, तू दारातून ओरडलास. तोवर चाकावरून लोखंडाचा कपचा उडाला आणि धाकट्याच्या डोळ्यातून रक्त. डोळ्याच्या डॉक्टरला बाबांनी सांगितलं चेंडू. डॉक्टरने विचारलं कुणी मारला, तर म्हणाले हा थोरला. डॉक्टरनेही चेंडूचंच औषध दिलं. आत काही राहिलं का, हे बघायचं त्याला कारणच नव्हतं.

संध्याकाळी तू ओट्यापाशी येऊन मला सगळं सांगितलंस. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. "नोकरी गेली तर खायचं काय? तू चेंडूच म्हण." आणि हात पुसून वही घेतली.

पुढे बाबांना ते खरंच वाटायला लागलं. माणूस खोटं दहा वेळा बोलला की अकराव्या वेळी त्याला साक्षीदार लागत नाही. तुझ्या हातून पेला पडला तरी "ह्याच्या हाताला वळणच नाही, भावाचा डोळा घालवत होता." तू गेलास त्या दिवशीही पाहुण्यांसमोर तेच. मी जेवण वाढत होते. मी वाढतच राहिले.

विचारायचं होतं ते असं. तू समोर होतास. तो कण डोळ्याच्या कुठल्या बाजूला लागला? वरती की खाली? काही बाहेर पडलेलं पाहिलंस का? उत्तर उद्या दहाच्या आत मिळणार नाही, हे मला कळतं. तरी विचारते.

काल घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, फॉर्म बदलून यायला हवा. म्हणाले, "अठरा वर्षांत काही झालं नाही, ते आता होणार? पोरगा तळापर्यंत बुडी मारतो, डोळे उघडे ठेवून. आता कशाला उकरून काढतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "मुठीत पोराचा डोळा आहे." त्यांनी पेपर उघडला. मालक वारला, वर्कशॉप विकलं गेलं, नोकरी संपून चार वर्षं झाली. आता भीती कुणाची आहे? मालकाची नाही. धाकट्याची आहे. तो बाबांना फार मानतो.

आज पहाटे जपाला बसले तर माळ पुढे सरकेना. देवाला काय सांगायचं? त्याला सगळं ठाऊकच आहे. पण तो काही चुंबकमास्तरला फोन करणार नाही. ते मलाच करायला हवं.

उद्या सांगेन. तुला लिहून ठेवते, म्हणजे सांगावंच लागेल.

आई


बुधवार, ६ मार्च
दुपारी एक

थोरल्या,

सांगितलं. पण फार उशिरा सांगितलं. काल दिवसभर तीनदा त्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. एकदा तो जेवत होता. दुसऱ्यांदा गर्दी होती. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं.

आज पावणेदहाला धाकट्याला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. बाबा आणि मी मागे. जाड दार, वर लाल दिवा. आतून ठक ठक ठक आवाज, कुणी पत्र्यावर हातोडा मारावा तसा. आधीचा पेशंट बाहेर आला आणि ह्याची पाळी.

चुंबकमास्तर हातात फॉर्म घेऊन पुन्हा सगळं तोंडी विचारायला लागला. "अंगठी? साखळी? दातात तार?" धाकटा नाही, नाही म्हणत होता. "डोळ्यात कधी लोखंडाचा कण?"

"छे. चेंडू लागला होता लहानपणी. आमच्या दादाची कृपा." आणि हसला.

चुंबकमास्तरने खुर्चीची दांडी धरली आणि माझ्या तोंडून निघालं, "चेंडू नव्हता."

"काय?"

"चेंडू नव्हता. चाकावरून उडालेला लोखंडाचा कपचा होता. निघाला की नाही, कुणी बघितलेलं नाही."

बाबा पुढे झाले. "हिचं मनावर घेऊ नका. चार दिवस झोप नाही हिला, काहीच्या बाही बोलते."

चुंबकमास्तरने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अगदी शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या दोघांत एक जण चुकतोय. मी ज्याच्या बोलण्याने पोराचा डोळा वाचेल, ते खरं धरणार." आणि वळून ते जाड दार लावून घेतलं. मग मला म्हणाला, "मावशी, परवा फॉर्म भरताना सांगायला काय झालं होतं?"



माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. उलट पाणी दिलं. म्हणाला, "चुंबक आधी तो कण शोधतो, मग खेचतो. बुबुळात असता आणि मी आत नेला असता तर..." 

लगेच डोळ्यांचा एक्स-रे काढला. दोन काढले, एक वर बघायला लावून, एक खाली बघायला लावून. डॉक्टरीणबाईने दोन्ही मला उजेडात धरून दाखवले. डाव्या डोळ्याच्या खाली एक पांढरा ठिपका. तिळाएवढा. थोरल्या, तो आहे. अठरा वर्षं तो तिथेच आहे. पण दोन्ही फोटोंत ठिपका एकाच जागी आहे, डोळ्याबरोबर हलत नाही. म्हणजे बुबुळात नाही, खालच्या पापणीच्या आतल्या मांसात रुतून बसलाय. डोळ्याचा डॉक्टर उद्या जागा बधिर करून काढणार. तोवर एमआरआय नाही.

 वर वॉर्डात आल्यावर धाकटा पलंगावर पडला, तारा लावून घेतल्या आणि विचारलं, "दादाने मारला नव्हता?"

"नाही."

"मग कोण होतं मशीनवर?"

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "ते तू बाबांना विचार."

त्याने विचारलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "तो निघाला त्या दिवशी मी दारात उभा राहून त्याला म्हटलं होतं, जा, तूच माझा डोळा फोडत होतास. मी दहा वर्षांचा होतो, आई. तू आतच होतीस. तुला ऐकू आलं होतं."

आलं होतं.

पाच वाजता, सायंकाळी

पाकीट बंद केलं नव्हतं, म्हणून पुढे लिहिते. चार वाजता त्याच्या उशाचं यंत्र एकाएकी कर्कश वाजायला लागलं. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी पळत होती. नर्सबाई धावल्या, आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला फक्त त्याचे तळपाय दिसत होते. मोजून अकरा मिनिटं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आली. म्हणाली, ठोके भरकटले होते, जागेवर आले. पण हे पुन्हा होऊ शकतं आणि ती अंदाजावर किती दिवस औषध देणार? "मला ते हृदय आतून बघायचंय काकू, लवकर."

सोमवारीच खरं लिहिलं असतं तर ठरल्या वेळी, दहा वाजता, सगळं झालं असतं. माझ्या एका ओळीने आता आणखी दिवस जाणार. काट्याचा नायटा म्हणतात तो हाच, आणि काटा मी लिहून ठेवला होता.

आई


शुक्रवार, ८ मार्च
दुपारी साडेतीन

चि. थोरल्या,

झालं. निकाल हातात आहे. पण क्रमाने सांगते.

काल अकराला डोळ्याच्या डॉक्टरने तो कण काढला. वीस मिनिटांचं काम. औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून धाकट्याच्या हातात दिला. नंतर पुन्हा एक्स-रे, ठिपका गेला. आज साडेआठची वेळ मिळाली, चुंबकमास्तर आपल्या सुट्टीच्या दिवशी आला.

पण काल संध्याकाळी तो वर येऊन म्हणाला, "उद्या नीट ऐका. हृदय हलतं, श्वासाने छातीही हलते. फोटो हलायला नको तर श्वास रोखायला हवा. मी सांगेन, घ्या, सोडा, थांबा. बारा-पंधरा सेकंद. असं वीस-पंचवीस वेळा. फोटो हलला तर सूज दिसणार नाही."

धाकटा म्हणाला, "मी पाण्याखाली दोन मिनिटं राहतो."

"मग दाखवा."

श्वास सोडला, थांबला, आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला खोकत उठून बसला. पुन्हा केलं. सात. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. आजाराला घाबरला नव्हता तो इतका, पण सात ऐकून घाबरला. चुंबकमास्तर म्हणाला, "पाण्यात छाती भरून जाता, इथे रिकामी करून थांबायचंय. आणि सध्या छाती आजारी आहे. सराव करा," आणि गेला.

बुधवार दुपारपासून माझ्याशी तो एक शब्द बोलला नव्हता. डबा उघडून ठेवला तर खायचा, पाणी दिलं तर प्यायचा, बस. आता छताकडे बघत म्हणाला, "मोज."

"काय?"

"तू सेकंद मोजू नकोस, मला घाई होते. तुझं ते नाम घे. सावकाश. मोठ्याने."

मी माळ काढली. त्याने श्वास सोडला आणि मी नाम घ्यायला लागले. सहा नामं झाली, मग आठ. मधे दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा. शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "अहो, तुमच्या नादाने मी पण श्वास धरून बसतोय, मला आहे दमा." तेव्हा धाकटा हसला आणि सगळं मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. साडेसातपर्यंत चौदा नामं एका दमात झाली. मी इतका जप आयुष्यात केला, पण दर नामाला समोरच्या छातीकडे बघून असा कधी केला नव्हता.

आज त्याला आत नेलं. मला चुंबकमास्तरने काचेमागे आपल्या शेजारी बसू दिलं, हात लावायचा नाही या अटीवर. बोगद्यातून फक्त पाय बाहेर. "श्वास घ्या. सोडा. थांबा." ठक ठक ठक. मी इकडे ओठातल्या ओठात. मधे एकदा अकराव्या नामाला त्याची छाती हलली. मास्तर म्हणाला, "हा फुकट गेला, पुन्हा घेऊ." पुन्हा घेतला. मग हाताच्या शिरेतून औषध सोडलं. म्हणाला, निरोगी स्नायूतून हे धुऊन जातं, दुखऱ्या जागी रेंगाळतं, ती जागा पांढरी दिसते. त्यासाठी दहा मिनिटं थांबायचं. मोठी होती ती दहा मिनिटं. त्यात उशाच्या यंत्रासारखं काही वाजतंय का, तिकडेच माझा कान होता. वाजलं नाही.

साडेबाराला डॉक्टरीणबाईने बोलावलं. बाबाही आले. पडद्यावर धाकट्याचं हृदय, काळं, मुठीसारखं, चालू. बाहेरच्या कडेला एक पांढरी रेघ, खडूने ओढावी तशी. ती म्हणाली, "रक्तवाहिनी अडली असती तर पांढरं आतल्या बाजूने सुरू झालं असतं. हे बाहेरून आहे. आणि ह्या भागात पाणी धरलंय. ही सूज आहे काकू, स्नायूची सूज. तुकडा काढायची गरज नाही."

मी विचारलं, "बरा होईल?"

"बहुतेक पूर्ण. पण सहा महिने पाण्यात उतरायचं नाही, धावायचं नाही, जड उचलायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सहा महिन्यांनी हेच पुन्हा बघू. मधे हट्ट केला तर मी जबाबदार नाही."

मी 'बहुतेक' हा शब्द वहीत जसाच्या तसा लिहिला. नुसतं 'पूर्ण' लिहिण्याचा मोह झाला होता.

आणि आता, जे सांगायला हे पत्र घेतलं ते. वर आल्यावर धाकट्याने उशाखालून ती बाटली काढली आणि बाबांपुढे धरली. म्हणाला, "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं लोखंडात काढलीत. हा चेंडू कशाचा आहे ते सांगा."

मला वाटलं, आता उठून जातील. पण हातात लोखंड दिलं की ह्यांचं डोकं आपोआप चालतं. बाटली उजेडाकडे धरली, तिरपी केली, चष्मा पुसला. "गंजलाय. पण पोलादच आहे. ही कड बघ, दुमडलेली. छिन्नीच्या डोक्याचा कपचा. घाव खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं पसरतं ना, ते घासायला घेतलं की असाच उडतो. मोठी छिन्नी होती, जाळीत बसेना म्हणून मी..."

आणि थांबले.

 

धाकटा म्हणाला, "म्हणून तुम्ही काय?"

ह्यांनी बाटली पलंगाच्या कडेला ठेवली. फार जपून ठेवली. "म्हणून मी जाळी काढली," म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग," धाकटा म्हणाला. "माझा डोळा शाबूत आहे. ज्याचं गेलं त्याला सांगा."

बाबा उठून बाहेर गेले. अजून आलेले नाहीत. खाली फाटकाजवळच्या बाकावर बसलेत, मला इथून दिसतात.

तू ये, असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी ओट्यापाशी घालवला.

आई


सोमवार, ११ मार्च
सकाळी साडेअकरा, घर

चि. थोरल्या,

काल धाकट्याला घरी आणलं. दोन जिने चढायचे नाहीत म्हणून खालच्या शेजाऱ्यांनी आपली पुढची खोली दिली आहे. ठोके शुक्रवारपासून जागेवर आहेत. पडून पडून कंटाळतो, तलावावरच्या मुलांना फोनवरून ओरडतो, "हात लांब, हात लांब!" मी फोन काढून घेते. ओरडणं हेही श्रमच.

तुझं उत्तर आलेलं नाही. ते यावं म्हणून हे पत्र नाही.

बाबा तीन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आज अंघोळ करून आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी हिशेबाला बसले होते. म्हणाले, "त्याला लिहितेस ना तू? मला ठाऊक आहे. पाकिटं घरातली कमी झाली."

मी म्हटलं, "लिहिते."

"मग मी सांगतो ते लिही. मला पत्र लिहिता येत नाही."

मी कागद घेतला. ते सांगत गेले, अपघाताचा जबाब द्यावा तसं, थांबून थांबून. शब्द त्यांचे आहेत, मी एकही बदललेला नाही:

"जाळी मी काढली होती. चाक मी चालवत होतो. लहान मूल आत येऊ नये ही जबाबदारी फोरमनची होती, फोरमन मी होतो. थोरला दारात उभा होता. तो दोनदा ओरडला. पहिल्यांदा ओरडला तेव्हा मला ऐकू आलं होतं. छिन्नी होत आली होती म्हणून मी थांबलो नाही. चेंडू नव्हता. त्याच्याजवळ त्या दिवशी चेंडू नव्हताच, डबा होता."

इथे ते थांबले. मी विचारलं, "पुढे?"

"पुढे लिही, की माझं चुकलं."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "नाही. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं, ते पुरे झालं. हे तुमच्या हाताने लिहा."

"माझं अक्षर त्याला लागणार नाही."

"लागेल."

कागद त्यांच्याकडे सरकवून मी धाकट्याचं पाणी भरायला खाली गेले. परत आले तेव्हा ते गॅलरीत उभे होते, पाठमोरे. कागद टेबलावर होता. मी वाचला, पण त्यावर काही बोलले नाही, आणि इथेही बोलणार नाही. खालच्या ओळी त्यांच्या आहेत.

आई

*तू ओरडलास ते बरोबर होतं. मी मशीन बंद करायला पाहिजे होतं. चूक माझी, आणि तुझ्या नावावर टाकली तीही माझी.*

*बाबा*